‘पोहोचलीस का?’ हे कोणी कोणाला विचारायचं

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांची आहे. आई ७९ वर्षांची, ती मोठ्या भावाकडे राहते. त्याचं घर माझ्या घरापासून रेल्वेने २२ तासांवर आहे. मी वर्षातून दोनदा जाते, आठ-आठ दिवस राहते. जाताना हे २२ तास कुठे जातात कळत नाही. परत येताना मात्र प्रवास संपता संपत नाही.

या वेळी निघायच्या आदल्या रात्री भाचीच्या तोंडून सहज निघून गेलं, की दोन महिन्यांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली होती. मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी आईवर चिडले, आवाज चढला. ‘तुला मला काही सांगावंसंच वाटत नाही’ असं म्हणाले. ती म्हणाली, ‘आठ दिवस येतेस आणि आमची शाळा घेतेस.’ सकाळी दोघी जणू काही झालंच नाही अशा वागलो. नको नको म्हणत असताना ती स्टेशनवर आली. गाडी हलली, मी काचेआडून हात हलवत होते, आणि आई माझ्या मागच्या खिडकीकडे बघून हात हलवत होती. हसत होती, पण भलत्याच खिडकीकडे बघून. मी काचेवर टकटक केलं, तिला कळलंच नाही.

ते डोळ्यांसमोरून हलत नाही. अख्खा दिवस खिडकीबाहेर बघत रडले, डोकं दुखायला लागलं, गरगरलं. पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. त्यानंतर आठवडाभर कशात जीव रमेना. नवरा म्हणतो, एवढा त्रास होतो तर विमानाने ये-जा कर, दोन तासांत सुटशील. दादा म्हणतो, वर्षातून एकदाच ये पण निवांत ये. मला वाटतं, मी घरून घरी आले आणि आता दोन्हीकडे नाही. काय करू?

– दोन घरांची

उत्तर

ताई,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे मी येणारच आहे. विमान, रजा, वर्षातून किती वेळा जायचं, सगळं बोलू. पण आधी ती खिडकी. ती मनातून निघाल्याशिवाय मी पुढे काहीही लिहिलं तरी ते तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.

काचेचं असं असतं, की ती बराचसा उजेड आरपार सोडते आणि थोडा परत फेकते. दिवसा फलाटावर लख्ख उजेड आणि डब्यात सावली. तुमच्या चेहऱ्यावरून बाहेर जाणारा उजेड अगदीच थोडा. त्याच वेळी आभाळ, फलाटाचं छप्पर, आजूबाजूची माणसं यांचं प्रतिबिंब काचेवरून आईच्या डोळ्यांत जात होतं, आणि ते कितीतरी ठळक. त्यातून डब्याच्या काचा गडद असतील तर बघायलाच नको. म्हणजे तुमच्या बाजूने ती खिडकी होती आणि आईच्या बाजूने आरसा. रात्री हे बरोबर उलटं होतं. डब्यात दिवे लागलेले असतात तेव्हा आत बसलेल्याला काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि अंधारात उभ्या असलेल्याला आतलं सगळं स्वच्छ दिसतं. तुमची गाडी रात्रीची असती तर आईने तुम्हाला पाहिलं असतं आणि तुम्हाला ती दिसली नसती.

तर आईसमोर सारख्या आरशांची एक रांग उभी होती. त्यातल्या एकामागे तुम्ही आहात एवढंच तिला ठाऊक होतं. गाडी हलली तशी ती रांगही सरकली. तिने मनात धरलेली खिडकी कुठली आणि पुढे आली ती कुठली, हे ७९ व्या वर्षीच काय, विसाव्या वर्षीही कुणाला सांगता आलं नसतं. तुम्ही दिसत नव्हता, आणि तरी ती हसत होती. ते हसू तुम्हाला दिसावं म्हणूनच होतं, आणि ते तुम्हाला दिसलं. पत्रात तुम्ही स्वतःच लिहिलंय तसं. जे पोहोचायचं होतं ते पोहोचलं, ताई.

(तरीही आईचे डोळे तपासून घ्या. कारण खाली सांगते.)

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. तुमच्या पत्रात २२ तासांच्या एका प्रवासाचं वर्णन आहे. त्या सकाळी परतीचे प्रवास दोन झाले. गाडी दिसेनाशी झाल्यावर आईही परत फिरली. फलाटाच्या पायऱ्या उतरली, बाहेर आली, घरी गेली. घरात तुमची चादर तशीच चुरगळलेली, टॉवेल अजून ओला, पाणी पिऊन ठेवलेला तुमचा पेला टेबलावर. तुमच्या वाट्याला निदान बदलतं काहीतरी होतं: शेजारचे प्रवासी, तिकीट दाखवणं, पुढचं स्टेशन. तिच्या वाट्याला त्याच खोल्या आल्या, एक माणूस कमी झालेल्या. निरोपात मागे राहणाऱ्याचा वाटा नेहमीच जड असतो. आणि आपली रीत अशी, की जो जातो त्यालाच सगळे म्हणतात, ‘पोहोचलीस की फोन कर.’ जो राहतो तो पोहोचला का, हे कोणी विचारत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. माझे वडील असेच लांब, धाकट्या बहिणीकडे राहायचे. मी तिथून निघाले की माझ्यापुरती भेट संपलेली असायची. एकदा बहीण बोलता बोलता म्हणाली, तू गेलीस ना, की बाबा रेल्वेचं वेळापत्रक आणि घड्याळ घेऊन बसतात. पानावर बोट ठेवून म्हणतात, आता अमुक स्टेशन आलं असेल, आता नदीचा पूल लागेल, आता तिला झोप लागली असेल. रात्री झोपायच्या आधी त्या पानात खूण घालून ठेवायचे आणि सकाळी उठून तिथून पुढे. वर्षानुवर्षं ते माझ्या प्रत्येक परतीच्या प्रवासात माझ्याबरोबर होते आणि मला पत्ताच नव्हता. मी पुस्तक डोळ्यांसमोर धरून, न वाचता, गाडी कधी पोहोचते याची वाट बघत असायचे.

त्यानंतरच्या वेळी गाडी सुटल्यावर तासाभराने मी त्यांना फोन केला आणि विचारलं, ‘बाबा, तुम्ही घरी पोहोचलात का?’ ते थोडे गोंधळले. मग म्हणाले, ‘हो, आत्ताच चपला काढतोय.’ पुढे ती आमची सवयच झाली. मधल्या एखाद्या स्टेशनावरून फोन केला की मी सांगायच्या आत ते स्टेशनाचं नाव सांगायचे. गाडी उशिराने धावत असली तर त्यांचं स्टेशन आणि माझं स्टेशन वेगळं निघायचं, आणि मग त्यांना फार वाईट वाटायचं, जणू उशीर त्यांनीच केला. आता बाबा नाहीत. ते वेळापत्रक माझ्याकडे आहे, पेन्सिलच्या खुणांसकट.

म्हणून तुमच्या विमानाच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: परतीची गाडी सोडू नका. परतीचा प्रवास हा त्या भेटीचाच शेवटचा दिवस आहे. तुम्ही तो रजेच्या हिशेबात धरलाच नाहीत. आठ दिवस आईचे, दुसऱ्या दिवसापासून कामाचे, आणि मधले २२ तास कोणाचेच नाहीत. कोणाच्याच नसलेल्या वेळेत माणूस अडकून पडतो.

नेदरलँड्समधले नील्स व्हान द व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तेवढाच रस्ता असूनही लोकांना परतीचा प्रवास जाण्यापेक्षा सरासरी २२ टक्क्यांनी कमी वेळेचा वाटला. त्यांनी दिलेलं कारण अपेक्षेचं होतं. जाताना वाटतं त्यापेक्षा वेळ जास्त लागतो, मग परतताना आपण मनाची तयारी ठेवतो आणि प्रवास लवकर संपल्यासारखा वाटतो. तुमचं बरोबर उलटं का झालं असेल? मला वाटतं, जाताना तुम्ही मनाने आधीच आईच्या घरी पोहोचलेल्या असता, तास मोजायला मागे कोणी उरतच नाही. येताना मनात कसलीच तयारी नसते. ‘बसायचं आणि सहन करायचं’ एवढंच असतं. असा एक तासही चारासारखा जातो.

नवऱ्याचं म्हणणं प्रेमापोटीच आहे, त्यांच्यावर रागवू नका. पण दोन तासांत घरी पोहोचलात तर जे गाडीत २२ तासांत थोडंथोडं निवलं असतं, ते सगळं तापलेलं तसंच घरात घेऊन याल. तुम्ही सुटणार नाही, फक्त रडायची जागा बदलेल. विमान वापरायचंच असेल तर जाताना वापरा. जवळपास एक दिवस वाचेल, तो आईला द्या. येताना रेल्वेनेच या. आईची तब्येत अचानक बिघडली किंवा तुमच्याच पाठीला-कमरेला प्रवास सोसेना, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जे लवकर आणि सोपं असेल ते करायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

मग या २२ तासांत करायचं काय?

पहिला तास काहीही करू नका. रडू आलं तर रडा. शेजारचे बघतात म्हणून आवरू नका, गाडीत रडणारं माणूस कुणी पहिल्यांदा पाहत नसतं. तासाभराने आईला फोन लावा आणि ती पोहोचली का ते विचारा. फोन लांबवू नका. दोन मिनिटं पुरतात.

खिडकीबाहेर बघून डोकं दुखलं, गरगरलं, त्यात रडण्याचा वाटा होताच, पण दुसरंही एक आहे. रुळांशेजारचे खांब, झुडपं, कुंपणं सपासप मागे पळतात. डोळे त्यातल्या एकेकाला धरतात, मागे जाऊ देतात, झटक्याने पुढे येऊन पुढचं धरतात. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे कधी नीट बघा, बुबुळं कशी उड्या मारत असतात ते दिसेल. तासन्‌तास हे चाललं की डोळे शिणतात. लांबच्या डोंगरावर, क्षितिजावर नजर ठेवली की ती शांत राहते, कारण लांबचं हळूहळू सरकतं. गाडी जिकडे चाललीय तिकडे तोंड करून बसता आलं तर त्याचाही फायदा होतो. आणि मधूनमधून डोळे मिटा.

दुपारी, मन जरा थाऱ्यावर आलं की वही काढा. हा माझा आग्रह आहे, आणि त्यासाठी मोबाईल चालणार नाही, वहीच हवी. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरली ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त गेलेलं असायचं. पुढे विसरणं चालूच राहायचं, पण वेग मंदावायचा. आईचं बोलणं निरर्थक अक्षरांसारखं नाही, ते जास्त टिकतं. पण तिचे नेमके शब्द, ती कुठल्या शब्दाशी अडखळली, कुठली आठवण दोनदा सांगितली, हे याच पहिल्या एक-दोन दिवसांत निसटतं. घरी पोहोचून कामाला लागलात की उरतो तो गोषवारा: ‘आई बरी आहे, जरा थकलीय.’ आठ दिवसांचं एका ओळीत आटपून जातं.

म्हणून गाडीतच लिहा. नीटनेटकं नको. तिने चष्मा कुठे ठेवला होता आणि आपण तो किती वेळ शोधला. कुठल्या गोष्टीवर तोंडावर हात ठेवून हसली. खुर्चीतून उठताना कशाचा आधार घेते. पहाटे तिच्या पावलांचा आवाज मागच्या वेळेपेक्षा वेगळा होता का. कुणाची चौकशी केली, कुणाची केली नाही. भांडणसुद्धा लिहा, दोघींची वाक्यं जशीच्या तशी. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. बाबांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी विचारलं, चाल कधीपासून बदलली, तेव्हा घरात कुणालाच आठवेना. वहीत महिन्यासकट होतं.

रात्री लवकर आडव्या व्हा. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०११ मध्ये माणसांना हळू डोलणाऱ्या पलंगावर झोपवून पाहिलं होतं. स्थिर पलंगापेक्षा त्यांना लवकर झोप लागली. २०१९ मध्ये रात्रभराच्या झोपेवर तोच प्रयोग झाला, तेव्हा झोप गाढ लागलीच, शिवाय आदल्या संध्याकाळी पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी जास्त आठवल्या. गाडीचे धक्के काही पाळण्यासारखे नसतात, हे मान्य. तरी दमून रडलेल्या माणसाला ते डुलणं बरं वाटतं. डोळ्यांवर ओढणी घ्या आणि गाडीला तिचं काम करू द्या.

आता भांडण. त्याबद्दल तुम्ही स्वतःला फार बोल लावताय. शेवटच्या रात्रीच का भडकलात? ती शेवटची रात्र होती म्हणून. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७३ मध्ये सविस्तर मांडलं आहे, की जवळचं माणूस दुरावणार या भीतीतून राग येतो, आणि तो राग म्हणजे ‘जाऊ नकोस’ असं म्हणण्याचाच एक प्रकार असतो. लहान मूल तसं करतं, मोठी माणसंही करतात. त्या रात्री तुम्हाला एकाच वेळी दोन गोष्टी समोर दिसत होत्या: उद्या आपण निघणार, आणि आई पडली तेव्हा आपण तिथे नव्हतो. ‘मला सांगितलं का नाही’ या वाक्याच्या पोटात ‘मी नसताना तुला काही झालं तर’ हे होतं.

पण आईला ते तसं ऐकू आलं नाही, हेही खरं. तिला शाळा ऐकू आली. त्यामुळे माफी मागायचीच, फक्त नेमक्या गोष्टीची. काळजीची माफी मागू नका, आवाजाची मागा. ‘आई, त्या रात्री माझा आवाज चढला, ते चुकलं. तू पडलीस हे ऐकून मी घाबरले होते.’ इथे थांबा. ‘पण तूसुद्धा’ हे शब्द तोंडातून काढू नका. लांबलचक मेसेज लिहू नका. तो ती एकटीच वाचेल, चारदा वाचेल आणि प्रत्येक वेळी नवा अर्थ काढेल. आवाजाने दुखावलं, आवाजानेच मिटवा.

चार दिवसांनी, वेगळ्या फोनवर, विचारा: ‘कशी पडलीस गं, सांग ना.’ ‘का सांगितलं नाहीस’ हे विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलंच आहे. सांगितलं की आपल्याला बोलणी बसतील, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे आपलं एकटीने उठणं-बसणं बंद होईल, म्हणून म्हातारी माणसं पडल्याचं लपवतात. ‘कशी’ विचारलंत तर ती सांगेल. रात्री की दिवसा, उठताना चक्कर आली की पाय घसरला, दिवा चालू होता का, पायात काय होतं. यातल्या प्रत्येक उत्तराचा इलाज वेगळा असतो.

हा विषय मी हलकेच सोडणार नाही, कारण तो हलका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून दगावतात आणि त्यांत साठीच्या पुढची सर्वांत जास्त. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पुष्कळसं टाळता येतं, म्हणून सांगतेय. बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा. टॉवेलची दांडी चालत नाही, ती माणसाचं वजन घेत नाही. न घसरणारं पायपुसणं. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा. टाच धरून ठेवणाऱ्या चपला. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एकदा डॉक्टरांसमोर ठेवून, चक्कर यायला यांतली कुठली कारण आहे का, हे विचारणं. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल तर खास विचारायचं. आणि डोळे. मोतीबिंदू वाढत असेल किंवा चष्म्याचा नंबर बदलला असेल, तर ओली फरशी आणि कोरडी फरशी यांतला फरक कळत नाही. खिडकीचा दोष काचेचा होता, माझी खात्री आहे. डोळे तरीही तपासा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नका. ही सगळी यादी आईला फोनवर वाचून दाखवायची नाही, आणि दादालाही हुकूम सोडल्यासारखी सांगायची नाही. वर्षाचे ३६५ दिवस त्या घरात आईजवळ तुमची वहिनी असते. आई पडली तेव्हा तिला उचललं कोणी? तुमच्या पत्रात भाची आहे, दादा आहे, वहिनीचा एका शब्दानेही उल्लेख नाही. ‘आठ दिवस येतेस आणि आमची शाळा घेतेस’ या वाक्यातला ‘आमची’ पुन्हा वाचा. आई त्या वेळी एकट्या स्वतःबद्दल बोलत नव्हती. वहिनीला विचारा, त्या दिवशी काय झालं, तुला काय वाटतं, काय केलं तर तुझं काम सोपं होईल. दांड्याचे, दिव्याचे पैसे तुम्ही द्या. कुठे काय बसवायचं हे मात्र तिला ठरवू द्या.

दादाचं ‘एकदाच ये, निवांत ये’ मला पटलेलं नाही. ७९ व्या वर्षी वर्षातल्या दोन भेटींची एक करू नये. दोनदाच जा, दिवसांची मांडणी बदला. पहिले दोन दिवस फक्त राहा. तब्येत, औषधं, पैसे, जे काही अवघड बोलायचं असेल ते तिसऱ्या दिवशी काढा. भांडण झालं तर मिटायला हातात पाच दिवस उरतात. शेवटची संध्याकाळ मोकळी ठेवा. बॅग त्याच्या आदल्या दिवशीच भरून ठेवा, म्हणजे त्या संध्याकाळी तुमचे हात रिकामे असतील आणि तुम्हाला आईजवळ नुसतं बसता येईल.

निरोप घराच्या दारात घ्या. आईने स्टेशनवर यायचा हट्ट धरलाच, तर गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी तिला दादाबरोबर परत पाठवा. ती चालत जाताना तुम्ही तिच्याकडे बघा. एकदा तरी तिला निघणारी होऊ दे आणि तुम्ही मागे राहणाऱ्या व्हा. हेही ती ऐकणार नसेल, तर फोन चालू ठेवून तिला सांगा, ‘दारापासून तिसरी खिडकी,’ आणि एखादा पांढरा रुमाल काचेला आतून चिकटवून धरा. काचेला टेकलेल्या वस्तूवर बाहेरचा उजेड पडतो, ती बाहेरून दिसते. गाडी चालू झाल्यावर दारात मात्र उभ्या राहू नका.

घरी पोहोचल्यावर एक दिवस तुमचा ठेवा. कामावर दुसऱ्या दिवशी जायचं नाही, तिसऱ्या. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, की त्या दिवशी मला हसवू नकोस, समजावूही नकोस, वहीतलं वाचून दाखवीन ते ऐक.

‘घरून घरी आले आणि दोन्हीकडे नाही’ असं तुम्ही लिहिलंत. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या एका तरुण वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये प्रबंध लिहिला, घरापासून दूर राहिलेल्या माणसांच्या दुखण्यावर. त्या दुखण्याला त्याने दोन ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, नॉस्टॅल्जिया. एका शब्दाचा अर्थ घरी परतणं, दुसऱ्याचा वेदना. त्याच्या लेखी त्यावर खरा उपाय एकच होता, घरी पाठवणं. तुमची अडचण अशी, की कुठल्याही गाडीत बसलात तरी तुम्ही घरीच चाललेल्या असता आणि घरूनच निघालेल्या असता. यावर औषध नाही, आणि मला विचाराल तर ते असूही नये. आठवडाभर जीव रमत नाही यात काही बिघडलेलं नाही. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, खाणं जात नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा. तेव्हा ‘आईची आठवण येते’ एवढ्यावर थांबू नका, सगळं सांगा.

आणि आज संध्याकाळी फोन करणार असाल, तर आधी वहिनीला लावा. आईला नंतर.